काळ्या डोळ्यांची सुझन आणि 'आपला' झेंडू

मंडळी, या शनिवार-रविवारी कोडिंगला सुट्टी. आज जरा बागेत शिरू, आणि बागेतून इतिहासात.

बाळापूरला आमच्या घरामागं पंधरा बाय वीस फुटांची मोकळी जागा आहे. तिथं यंदा काय लावायचं यावर घरात फोनवरून चर्चासत्र झालं. मी 'ब्लॅक आईड सुझन'चं नाव काढलं. पिवळ्याधमक पाकळ्या आणि मधोमध काळपट तपकिरी गोंडा, सूर्यफुलाची धाकटी बहीण म्हणा ना! बाबांचं एकच वाक्य आलं, "बाहेरचं कशाला? आपलंच काही लाव. झेंडू लाव."

वाक्य साधंच, पण त्यातला 'आपलंच' हा शब्द डोक्यातून जाईना. कारण झेंडू आपला नाहीच!

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथले लोक त्याला 'सेंपासुचिल' म्हणतात. अॅझ्टेक लोकांच्या भाषेतल्या मूळ शब्दाचा अर्थ 'वीस फूल', म्हणजे भरगच्च पाकळ्यांचं फूल. आजही तिथं नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांचा सण असतो, आणि गेलेल्या माणसांना घरची वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या वाटेवर पसरतात. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या व्यापारातून मिरची, पेरू, काजू, अननस आपल्याकडे आले. त्याच लाटेत झेंडूही आला असं मानतात. तिकडे पितरांचं फूल, इकडे दसऱ्याचं तोरण. झेंडूविना दसरा ही कल्पनाच आज करवत नाही.

मग मी घराच्या आवाराची यादी काढली. सदाफुली: मादागास्कर. रस्त्यावरचा गुलमोहर: तोही मादागास्करचा. बोगनवेल: दक्षिण अमेरिका. गुलबक्षी: अमेरिका. देवळासमोरचा पांढरा-पिवळा चाफा: तोही अमेरिकेच्या उष्ण भागातला. शेवंती: चीनकडची. तुळस आणि मोगरा तेवढे आपल्या बाजूचे निघाले. म्हणजे 'आपलं' अंगण बघितलं तर बरंचसं इंपोर्टेड!

आता सुझनबाईंकडे वळू. ही उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानांची रहिवासी. शास्त्रीय नाव रुडबेकिया हिर्टा. हिर्टा म्हणजे केसाळ. हिच्या पानांना हात लावला की खरखरीत लव लागते. आणि रुडबेकिया हे नाव स्वीडनमधल्या ओलोफ रुडबेक या बापलेकांवरून. धाकटे रुडबेक हे कार्ल लिनियसचे गुरू. लिनियस विद्यार्थी असताना त्यांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवायचा. पुढे त्याने गुरूच्या घराण्याचं नाव या अमेरिकन फुलाला दिलं.

यातले थोरले रुडबेक (१६३०-१७०२) म्हणजे अफाट माणूस. १६५५ मध्ये त्यांनी उपसालाची वनस्पती बाग सुरू केली. शरीरातल्या लसिका वाहिन्यांवर त्यांचं मूलभूत काम आहे. नंतर मात्र त्यांनी 'अटलांटिका' नावाचा चार खंडांचा ग्रंथ लिहायला घेतला आणि त्यात सिद्ध करायला निघाले की प्लेटोने सांगितलेलं अटलांटिस म्हणजे स्वीडनच! सगळ्या भाषा आणि संस्कृती तिथूनच जगभर गेल्या. थोडक्यात, 'जगात जे काही आहे ते मुळात आमच्याकडचंच.' ही व्यक्तिरेखा तुम्हालाही ओळखीची वाटली असेल. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखादे तरी काका असतातच. १७०२ मध्ये उपसालाला आग लागली. वनस्पतींच्या सचित्र महाग्रंथासाठी केलेले त्यांचे हजारो लाकडी ठसे जवळजवळ सगळे जळून गेले आणि त्याच वर्षी ते वारले. ज्याने सगळं आपल्या देशातूनच निघालं असं सिद्ध करण्यात इतकी वर्षं घालवली, त्याच्या घराण्याचं नाव आज टिकलंय ते समुद्रापलीकडच्या एका रानफुलावर.

'सुझन' हे नाव कुठून आलं? इंग्रज कवी जॉन गे याच्या १७२० च्या संग्रहात काळ्या डोळ्यांची सुझन आणि तिचा खलाशी प्रियकर यांच्यावर एक गाणं आहे. ते फार लोकप्रिय झालं, आणि फुलाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. आता १७२० हे साल वाचून बाळापूरचा माणूस कान टवकारणार! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाळापूरजवळ निजाम-उल-मुल्कने सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान याचा पराभव केला. आलम अली मारला गेला आणि पुढच्या हैदराबाद राज्याचा रस्ता मोकळा झाला. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा आपला किल्ला, मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची छत्री, निजामाची लढाई... बाहेरून आलेल्यांना वजा केलं तर बाळापूरच्या इतिहासात उरतं काय?

पण म्हणून 'बाहेरचं काहीही चालतं' असं म्हणून मोकळं होता येत नाही. कारण सुझन आणि झेंडूच्याच कुळातला तिसरा भिडू आपल्या सगळ्यांना माहीत आहे: गाजरगवत. तेही अमेरिकेचंच. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढं ते देशभर पसरलं. आज वऱ्हाडात रस्त्याची कड, पडीक रान, शाळेचं मैदान, कुठंही बघा. अंगाला खाज, दमा, जनावरांना त्रास, पिकांची अडवणूक. त्याला आवरायला १९८४ मध्ये मेक्सिकोहून एक भुंगेरा आणावा लागला. म्हणजे बग बाहेरचा आणि पॅचही बाहेरचाच.

चौथा नातेवाईक गलांडा. तोही अमेरिकेचा. गेलार्ड नावाच्या एका फ्रेंच न्यायाधीशावरून त्याला गेलार्डिया म्हणू लागले. आपल्या शेतकऱ्यांनी त्याचा सरळ गलांडा करून टाकला आणि हारात ओवला. कुळ एक, खंड एक; पण झेंडूला सण मिळाला, गलांड्याला मराठी नाव मिळालं आणि गाजरगवताला शिव्या. झाड कुठून आलं यावरून हा फरक पडलेला नाही. इथं आल्यावर ते कसं वागलं आणि आपण त्याच्याशी कसे वागलो, यावरून पडलाय.

हा मुद्दा बागेपुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. कुंपणाबाहेर कापूस उभा आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं ते कापसासाठीच म्हटलं तरी चालेल. उमरावतीच्या नावावरून इथला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' म्हणून विकला जायचा. तो गावरानी कापूस होता: आखूड धाग्याचा, पण इथल्या कोरडवाहू जमिनीत तग धरणारा. आज आजूबाजूच्या शेतात दिसतो तो बहुतेक अमेरिकन जातीचा कापूस, मूळचा मेक्सिकोकडचा, आणि २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाल्यापासून बीटी हायब्रीड. त्याचा धागा लांब, बाजार मोठा. पण हायब्रीडचं बी घरी धरून चालत नाही, दर वर्षी पाकीट विकत आणावं लागतं. गावरानीचं बी घरच्या कापसातून ठेवता यायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर गावरानी ओपन सोर्स होता, हायब्रीडचं लायसन्स दर वर्षी रिन्यू करा. तेव्हा झाड कुठल्या देशाचं, यापेक्षा त्याचं बी कोणाच्या हातात, हा प्रश्न शेतकऱ्याला जास्त महागात पडतो.

तर मग सुझन लावायची का? लावा, पण अटींवर.

पहिली अट हवामानाची. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ च्या वर गेला होता. त्या उन्हात सुझन टिकवायचा हट्ट धरू नका. तिला हिवाळी पाहुणी समजा. पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये बी टाकायचं. बी बारीक असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो, म्हणून वर मातीचा जाड थर नको, नुसतं दाबून द्यायचं. दहा ते वीस दिवसांत रोपं दिसतात. महिन्याभरानं फूट-दीड फूट अंतरावर लावायची. जानेवारीपासून फुलं यायला हरकत नाही.

दुसरी अट मातीची. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि मुळाशी पाणी साचलं की सुझन सडते. त्यामुळे गादीवाफा हवाच. मातीत वाळू आणि जुनं शेणखत मिसळायचं. जागा दिवसभर उन्हाची. पाणी सकाळी आणि मुळाशी, पानं भिजली तर भुरी येते.

मांडणीत एक-एक रोप इकडेतिकडे खोचू नका. पाच-सात रोपांचा पुंजका करा, तरच तो पिवळा रंग उठून दिसतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून उंच सुझन (दोन ते तीन फूट) उत्तरेच्या बाजूला, मध्ये गलांडा आणि पुढं बुटका झेंडू. तिघं एकाच कुळातले, शेजार छान जमतो. खरेदी करताना एक बघा: याच इंग्रजी नावाने एक नारिंगी फुलांची वेलही मिळते. ती आफ्रिकेतली थनबर्जिया. योगायोग असा की तिला नाव आहे थनबर्गचं, आणि तो लिनियसचा शिष्य. म्हणजे एका सुझनला गुरूचं नाव, दुसरीला चेल्याचं!

तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. सुझनचं बी पडून ती आपोआप उगवते. म्हणून वाळलेले गोंडे वेळेवर खुडायचे. नदी-नाल्याकडं आणि पडीक रानाकडं बी जाऊ द्यायचं नाही. त्यातलंच थोडं बी कागदाच्या पुडीत पुढच्या वर्षासाठी ठेवायचं. हायब्रीड नसलेलं साधं बी घेतलं असेल तर हे सहज जमतं.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने १९१८ मध्ये सुझनला राज्यफूल केलं. तिथल्या प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्या घोड्यावर 'सुझन'ची चादर घालतात. पण शर्यत मे महिन्यात आणि फूल जूनमध्ये! म्हणून दुसरीच पिवळी फुलं वापरतात. पूर्वी तर त्यांच्या मध्यभागी काळा रंग लावायचे. हसू नका, दसऱ्याला बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं आपणही घेतोच की.

असो. सुझनला अजून मराठी नाव मिळालेलं नाही आणि आपल्या एकाही सणात तिला काम मिळालेलं नाही. ते मिळेल की नाही हे माझ्या लेखावर ठरणार नाही, हार करणाऱ्या बायकांच्या हातात आहे. झेंडूलाही कोणीतरी पहिल्यांदा तोरणात ओवलंच असेल ना? त्या दिवशी घरातलं कोणीतरी नक्की म्हणालं असेल, "बाहेरचं कशाला?"