रमण्यातली दक्षिणा आणि मुलींची शाळा

यंदा चातुर्मासात आपल्या मंडळात गीतेवर प्रवचने झाली. समाप्तीच्या दिवशी आरतीच्या ताटात जमलेली रक्कम कोणाला द्यावी यावर बैठकीत बराच खल झाला. नेहमीप्रमाणे ती देवळाला द्यावी असे पुष्कळजणींचे मत पडले. पण एका भगिनीने सुचविले की, आपल्याच आळीतील एक मुलगी पौरोहित्य शिकू इच्छिते, तिच्या वर्गाची फी भरावी. “बाईमाणसाला कसली गं दक्षिणा?” असे एक आजी चटकन बोलून गेल्या. त्यांचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. धर्मविद्येसाठी पैसा कोणाला मिळावा, हा वाद पुण्याला जुनाच आहे.

श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याचा परिपाठ तळेगावच्या सेनापती दाभाड्यांकडे होता. 1731 साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले, आणि त्यानंतर हा मान पेशव्यांनी पुण्यास आणला असे सांगतात. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचे मोठे आवार होते. तेथे दूरदूरचे ब्राह्मण जमत. वेदशास्त्रांत पारंगत असलेल्यांची परीक्षा होऊन त्यांना योग्यतेप्रमाणे मोठी रक्कम मिळे. बाकीच्यांच्या हातावर रमण्यात थोडेफार रुपये पडत. भरभराटीच्या काळात या एका महिन्यात लाखो रुपये खर्ची पडत. विद्येला उत्तेजन हा मूळ हेतू खरा. पण पुढे पुढे गर्दी वाढली आणि विद्या मागे राहिली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. स्त्रियांचा यात वाटा एवढाच, की घरधनी दक्षिणेला पुण्यास गेला म्हणजे मागचा संसार त्यांनी ओढायचा!

1818 साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टनसाहेब धोरणी, दक्षिणा एकदम बंद केल्यास लोक बिथरतील हे ओळखून त्याने ती कमी करून चालू ठेवली. याच पैशातून 1821 साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. वेद, धर्मशास्त्र, न्याय, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक असे विषय तेथे शिकवीत, आणि विद्यार्थ्यांना दरमहा वेतनही मिळे. म्हणजे रमण्यातले दान आता नेमाने शिकणाऱ्याला मिळू लागले. शिकणारे मात्र ब्राह्मणच, आणि पुरुषच.

पुढे सरकारने नवीन माणसांना दक्षिणा देणे थांबविले. जुने दक्षिणेकरी वारले म्हणजे त्यांची रक्कम शिल्लक पडे. त्या शिलकेचे काय करायचे? 1849 साली पुण्यातील 39 मंडळींनी अर्ज केला, की हा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख त्यांत प्रमुख होते. शहरात केवढा गहजब झाला! धर्मकार्याचा पैसा बाटवला, असे सनातनी मंडळींना वाटले. तरी 1851 साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झालीच. पुढे त्याच निधीतून कॉलेजात दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे दोघेही तरुणपणी दक्षिणा फेलो होते.

पण मला स्वतःला याहून मोठी वाटते ती गोष्ट निराळीच. जोतीराव फुल्यांनी 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवीत. या मुलींच्या शाळांना पुढे जी सरकारी मदत मिळू लागली, ती याच दक्षिणा फंडातून! आणि 16 नोव्हेंबर 1852 रोजी मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांना शालजोडी देण्यात आली, ती विश्रामबाग वाड्यातच. ज्या वाड्याने मुलींचा कधी विचार केला नव्हता, त्याच वाड्यात मुलींना शिकविणाऱ्याचा सत्कार झाला. रमण्यात ज्या जातीला आणि ज्या स्त्रीजातीला उभेही केले नसते, तिच्या पाटीपेन्सिलीला श्रावणातली दक्षिणा पोचली.

अर्थात ती शाळा लिहिण्यावाचण्याची. वेदमंत्र बायकांच्या मुखी यायला अजून अवकाश होता. नगर जिल्ह्यातील साकोरीस उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान काढले, आणि तेथील कन्या वेदपठण व यज्ञयाग करू लागल्या. 1941 साली महाराजांनी देह ठेवल्यावर गोदावरी मातांनी ते कार्य चालविले. तेथे मात्र सरकारचा पैसा नव्हता, भक्तांचा होता. पुढे पुण्यासही स्त्रियांचे पौरोहित्याचे वर्ग निघाले, आणि आज लग्न-मुंज सांगणाऱ्या बायका पाहून कोणी तोंडात बोट घालत नाही.

हे सारे मी पुढच्या बैठकीत सांगितले. आजींनी ऐकून घेतले, आणि मग त्यांनीच एक अट घातली: शिकणाऱ्या मुलीने आधी मंडळापुढे गीतेचा बारावा अध्याय म्हणून दाखवावा, “फुकट नको, परीक्षा हवी.” दुसरी अट आमच्या चिटणीसबाईंनी लिहून घेतली: अर्जात जात विचारायची नाही, आणि सवाष्ण की विधवा हेही विचारायचे नाही. दोन्ही अटी एकमताने मंजूर झाल्या. ताटातली रक्कम तूर्त पोस्टात ठेवली आहे. मुलीची परीक्षा येत्या एकादशीला दुपारी चार वाजता आहे.