निर्वासित, शरणार्थी की विदेशी? : चकमा बौद्धांच्या आश्रयाचा इतिहास

स्वदेश सोडावा लागलेल्या माणसासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत. ‘निर्वासित’ हा शब्द त्याच्यावर ओढवलेली आपत्ती सांगतो, तर ‘शरणार्थी’ हा शब्द तो काय मागतो आहे, ते सांगतो. भारतीय कायदा मात्र त्याला ‘विदेशी’ या एकाच नावाने ओळखत आला आहे. १९४६ च्या विदेशी व्यक्तींविषयीच्या अधिनियमात शरणार्थ्याला वेगळे स्थान नव्हते. त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या अधिनियमानेही आश्रय देण्याची कार्यपद्धती घालून दिलेली नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सहभागी नाही. या उणिवेचा परिणाम काय होतो, ते चकमा समाजाच्या इतिहासाच्या आधारे आम्ही प्रस्तुत लेखात पाहणार आहोत.

चितगाव डोंगरी प्रदेशात बौद्धांची बहुसंख्या होती. तरीही १९४७ च्या रॅडक्लिफ निवाड्याने तो पाकिस्तानला दिला. पुढे कर्णफुली नदीवर काप्ताई येथे जलविद्युत् धरण उभे राहिले. त्याच्या जलाशयात सुमारे ५४,००० एकर शेतजमीन बुडाली आणि सुमारे एक लाख लोक विस्थापित झाले. त्यांत चकमांची संख्या मोठी होती. १९६४ पासून त्यांतील हजारो लोक भारतात आले. हाजोंग जमातीची काही कुटुंबेही त्याच सुमारास आली. यांपैकी अनेकांना शासनाने तत्कालीन ईशान्य सीमा प्रदेशात जमीन देऊन वसविले. हाच प्रदेश १९७२ मध्ये अरुणाचल प्रदेश या नावाने केंद्रशासित झाला व १९८७ मध्ये त्याला राज्याचा दर्जा मिळाला.

येथे हे ध्यानात घेतले पाहिजे की, चकमा चोरून शिरले नव्हते. शासनानेच त्यांना नेऊन वसविले होते. परंतु ही वसाहत प्रशासकीय निर्णयाने झाली होती, कोणत्याही आश्रयविषयक कायद्याने नव्हे. त्यामुळे वातावरण पालटताच तिचा आधार डळमळला. स्थानिक विद्यार्थी संघटनेने १९९४ मध्ये चकमांना राज्य सोडून जाण्याची मुदत दिली. नागरिकत्वासाठी केलेले अर्ज जिल्हा कार्यालयातून केंद्राकडे पोहोचत नव्हते. अखेर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ९ जानेवारी १९९६ च्या निकालपत्रात राज्यातील चकमांची संख्या सुमारे ६५,००० असल्याचा अंदाज नमूद आहे. प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करणे, मग तो नागरिक असो वा नसो, राज्याचे कर्तव्य आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला आणि अर्ज केंद्राकडे पाठविण्याचा आदेश दिला. या निर्णयाचा आधार संविधानाचे एकविसावे कलम हा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीच्या संविधानात हे कलम ‘नागरिका’ला नव्हे, ‘व्यक्ती’ला संरक्षण देते. तथापि २०१५ मध्ये न्यायालयाला पुन्हा नागरिकत्वाविषयी मुदतबंद आदेश द्यावा लागला. जीव वाचला, पण दर्जाचा प्रश्न लोंबकळत राहिला.

स्थानिक जमातींची भीती निराधार होती, असे आम्ही म्हणत नाही. अल्पसंख्य जमातींना आपली भूमी व राजकीय स्थान गमावण्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. दोन दुर्बल समाजांना एकमेकांसमोर उभे करणारी व्यवस्था हाच खरा दोष होय.

निर्वासितांविषयीचे विद्यापीठीय संशोधन येथे उपयोगी पडते. बार्बरा हॅरेल-बॉन्ड यांनी १९८२ मध्ये ऑक्सफर्ड येथे या विषयाचे अभ्यासकेंद्र स्थापन केले. निर्वासितांना न विचारता लादलेल्या मदतीची चिकित्सा त्यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात केली. या अभ्यासशाखेवर श्रीमंत राष्ट्रांच्या हितसंबंधांचा ठसा कसा उमटतो, हे भारतीय विधिज्ञ बी. एस. चिमणी यांनी १९९८ मध्ये दाखविले. या दोन्ही विवेचनांतून आम्ही एक बोध घेतो : धोरण ठरविताना शरणार्थ्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, आणि ते ऐकण्याची पद्धती आपल्या उपखंडाच्या अनुभवातून घडविली पाहिजे.

तसे प्रयत्न झालेही आहेत. न्या. पी. एन. भगवती यांच्याशी निगडित असलेला दक्षिण आशियासाठीचा आदर्श कायद्याचा मसुदा १९९७ मध्ये पुढे आला. २०१५ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत आश्रयविषयक खासगी विधेयक मांडले. परंतु कायदा झाला नाही.

आमच्या मते अशा कायद्यात किमान चार तरतुदी हव्यात : अर्जाची स्वतंत्र यंत्रणेकडून सुनावणी, निर्णयाची लेखी कारणे, अपिलाचा अधिकार आणि ठरलेली कालमर्यादा. वसाहत करण्यापूर्वी स्थानिक जनतेशी विचारविनिमय बंधनकारक करणेही तितकेच आवश्यक आहे. भारताने चकमांना आश्रय दिला, ही गोष्ट भूषणावह आहेच. मात्र जो आश्रय केवळ शासनाच्या मर्जीवर उभा असतो, तो मर्जी फिरताच जातो. १९६४ नंतर अरुणाचलात जन्मलेल्या पिढ्यांनी दुसरा देश पाहिलेलाही नाही. त्यांना ‘विदेशी’ म्हणत राहणे न्यायाला धरून नाही.