पोरांचा बँड आणि आपला हॉल

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत भूखंड, पाण्याची टाकी, लिफ्ट यांचा इतिहास येईलच. मी मुद्दाम वेगळा इतिहास मांडतो आहे. इलेक्ट्रॉनिक बँडचा. कारण आपल्या मुलांनी सरावासाठी रविवारी दुपारी दोन तास सोसायटीचा हॉल मागितला आहे.

"हे सगळं परदेशी खूळ," असं आम्ही ज्येष्ठ मंडळी म्हणतो. पण १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या सिंथेसायझरवर आणि तालयंत्रावर दहा राग वाजवले. हा गृहस्थ हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदातला वादक. एचएमव्हीने काढलेली ती तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या एका संग्राहकाने ती पुन्हा काढली, आणि जाणकार चकित झाले. शिकागोचं 'अ‍ॅसिड हाउस' संगीत पुढे त्याच यंत्रावर गाजलं होतं, त्याच्याही आधीचं हे काम! म्हातारपणी चरणजितजींना युरोपातून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. दाद मिळायला अठ्ठावीस वर्षं लागली.

ते एकटेच होते. बँड म्हणून नाव घ्यावं ते मुंबईच्याच 'पेंटाग्राम'चं. १९९४ च्या सुमारास सुरू झालेल्या या बँडने आधी गिटारचा रॉक वाजवला, मग त्यात संगणकाचे आणि सिंथेसायझरचे ध्वनी मिसळले. २००५ मध्ये ते इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आले. त्यांचा गायक विशाल ददलानी म्हणजे विशाल-शेखर जोडीतला विशाल. त्याची सिनेमातली गाणी आपल्या गणपतीतही वाजतात.

त्या काळच्या बँडना मोठा आधार होता धोबी तलावच्या रंगभवनाचा. उघडं नाट्यगृह, परवडणारं तिकीट, समोर कॉलेजची पोरं. पण २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरलं आणि रंगभवनातले ते कार्यक्रम बंद पडले. नियम योग्यच होता. रुग्णाला झोप हवीच. पण पोरांना पर्यायी जागा द्यायचं मात्र राहून गेलं.

आपल्या नवी मुंबईत नेरुळच्या स्टेडियममध्ये २०१९ साली 'यू-टू' येऊन गेले. स्टेडियममध्ये तयार झालेले कलाकार येतात. ते घडतात मात्र लहानशा खोलीतच.

आवाजाची काळजी रास्त आहे. दुपारी कोणी झोपतं, कोणाची परीक्षा असते. पण या वाद्यांची एक सोय आहे. कीबोर्ड, पॅड, संगणक सगळं मिक्सरला जोडून हेडफोनवर सराव करता येतो. ढोल-ताशाला ही मुभा नाही!

म्हणून सर्वसाधारण सभेपुढे माझी सूचना: सहा महिने हॉल देऊन पाहावा. सराव हेडफोनवर, वीज मीटरप्रमाणे, साफसफाई मुलांकडे. तक्रार आली तर फेरविचार करू. पंचवीस वर्षांत आपण पार्किंगसाठी रेषा आखल्या. आता दोन तास पोरांच्या नावावर आखूया.