न्यायसहायक प्रयोगशाळा, पोलीस आणि अत्याचाराचा पुरावा : भोर-वेल्ह्याच्या कार्यकर्त्यांसाठी माहिती

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत आणि त्याचे चित्रीकरण व्हायचे आहे. हे बंधन लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. त्यासाठी महाराष्ट्राने अडीचशेहून अधिक फिरत्या फॉरेन्सिक व्हॅन आणायचे ठरवले. पहिल्या टप्प्यातील २१ व्हॅन जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाल्या. केंद्राने जून २०२४ मध्ये देशभरच्या न्यायसहायक सुविधांसाठी २,२५४.४३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे पोलिसांच्या हाताशी असलेली प्रयोगशाळा येत्या काही वर्षांत बरीच मोठी होणार आहे.

आम्ही भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत काम करतो. जातीय अत्याचाराच्या प्रकरणात कोण कोणत्या गावचे, कोणाचा कोणावर वचक, साक्षीदार टिकेल का, यावर आपल्याकडे रात्र रात्र चर्चा होते. कपड्यांचे पाकीट कोणी सील केले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. या लेखात त्याच बाजूची माहिती देत आहोत.

आधी रचना समजून घेऊ. राज्यात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय आहे. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिना येथे असून ती १९५८ पासूनची आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. आपल्या भागातला मुद्देमाल पुण्यात गणेशखिंडला जातो. विषशास्त्र, रक्त व जैविक नमुने, डीएनए, सायबर, आवाजाची ओळख असे तिथले वेगवेगळे विभाग. तिथून येणाऱ्या अहवालाला पोलीस आणि वकील अजूनही 'सीए रिपोर्ट' म्हणतात, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल.

जिल्हा पोलिसांची स्वतःची यंत्रणा याहून वेगळी. ठसेतज्ज्ञ, श्वानपथक, घटनास्थळी जाणारी तपास वाहने आणि २०१६ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहिलेल्या सायबर लॅब ही तिची अंगे. ही यंत्रणा जागेवर लगेच पोहोचू शकते, पण तिच्या प्रत्येक कागदाला न्यायालयात सारखेच वजन नसते. संहितेच्या कलम ३२९ नुसार ठरावीक शासकीय वैज्ञानिकांचा अहवाल, तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. त्या यादीत राज्य व केंद्राच्या प्रयोगशाळांचे संचालक, उपसंचालक, सहायक संचालक, रासायनिक परीक्षक आणि अधिसूचनेने नेमलेले इतर तज्ज्ञ येतात. पोलिसांनी उद्या एखाद्या उपविभागात स्वतःची लॅब थाटली, तर तिथल्या तज्ज्ञांची अशी अधिसूचना निघाली आहे का, हा पहिला प्रश्न.

पालीहून गणेशखिंडपर्यंत

राजगडाच्या पाली दरवाजाखाली पाली गाव आहे. (नाव ऐकून आपल्याला तिपिटकाची भाषा आठवते, हे मात्र डोंगराच्या पायथ्याचे भातशेतीचे गाव.) अशा गावात रात्री मारहाण झाली, कोणी घरात घुसले, कोणाचा संशयास्पद मृत्यू झाला, तर पुराव्याचा प्रवास असा होतो. आधी तालुक्याचे पोलीस ठाणे, मग सरकारी दवाखाना, घटनास्थळाचा पंचनामा, मुद्देमाल कोठडी आणि शेवटी हवालदाराच्या हातून सीलबंद पाकीट पुण्याला. या प्रत्येक टप्प्यावर पुरावा खराब होऊ शकतो किंवा केला जाऊ शकतो. पावसाळ्यात तर पहिल्या सरीतच रक्ताचे डाग वाहून जातात, त्यासाठी कोणाच्या दुष्टाव्याची गरज पडत नाही.

काही गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असायला हव्यात. रक्ताने भिजलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले की ओल कोंडते, बुरशी येते आणि डीएनए नासतो. ते सावलीत सुकवून कागदी पाकिटात ठेवायचे असतात. पण हे काम आपले नाही, पोलिसांचे आणि दवाखान्याचे आहे. आपण कपड्यांना हात लावायचा नाही, धुवायचे नाहीत, गुंडाळून ठेवायचे नाहीत. ते पंचनाम्यात आले का आणि कशात ठेवले, एवढे पाहायचे. लैंगिक अत्याचारात पहिले ७२ तास फार मोलाचे असतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ९६ तासांपर्यंत नमुने घेता येतात. पीडितेने अंघोळ केली, कपडे बदलले म्हणून तपासणी नाकारता येत नाही. विषबाधेच्या संशयात शवविच्छेदनावेळी व्हिसेरा राखून ठेवला का, कोणता अवयव किती घेतला, बाटलीवर सील कोणाचे, हे अहवालातच लिहिलेले असते. तो कागद मागून वाचायला शिकले पाहिजे.

प्रयोगशाळा कितीही अद्ययावत असली तरी ती तिच्यापुढे आलेल्या बाटलीबद्दलच सांगू शकते. पुण्यात मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातात हे सगळ्या राज्याने पाहिले. ससूनमध्ये घेतलेल्या अल्पवयीन मुलाच्या रक्ताच्या नमुन्याची अदलाबदल केल्याच्या आरोपावरून दोन डॉक्टरांना अटक झाली. औंधच्या सरकारी रुग्णालयात दुसरा नमुना घेतला गेला होता आणि डीएनए तुलना झाली, म्हणूनच ते उघडकीस आले. तो दुसरा नमुना नसता तर अहवाल तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आला असता आणि दारूचा अंश नाही असेच सांगितले असते. शहराच्या मध्यभागी, माध्यमांच्या गराड्यात ही स्थिती असेल, तर डोंगराकाठच्या वाडीत दुसरा नमुना कोण घेणार?

खैरलांजी ते परभणी

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मृतदेह कालव्यात टाकले गेले. पहिल्या शवविच्छेदनात लैंगिक अत्याचाराच्या अंगाने जी तपासणी व्हायला हवी होती ती नीट झाली नाही. आंदोलन उभे राहिल्यावर मृतदेह उकरून पुन्हा तपासणी झाली, पण तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले. त्यात बलात्कार नव्हता आणि अॅट्रॉसिटी कायदाही लागला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षा २५ वर्षांच्या कारावासात बदलल्या. त्या निकालांवर आपल्याकडे खूप लिहिले गेले आहे. आमच्या मते त्या खटल्यातले मोठे नुकसान न्यायालयाच्या दारात जाण्याआधीच, पहिल्या काही दिवसांत झाले.

नगर जिल्ह्यातील खर्ड्याच्या नितीन आगे प्रकरणात (२८ एप्रिल २०१४) साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. गावात राहणारा साक्षीदार का फिरतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. दबाव टाकून माणसाची जबानी बदलता येते. नीट घेतलेला, नीट सील केलेला डीएनए नमुना असा फिरत नाही. म्हणून प्रयोगशाळांची क्षमता वाढणे आपल्या हिताचे आहे, आणि 'हे सगळे पोलिसांचेच खेळ' म्हणून त्याकडे पाठ फिरवणे आम्हाला परवडणारे वाटत नाही.

पण जिथे आरोप पोलिसांवरच असतो तिथे काय? १५ डिसेंबर २०२४ रोजी परभणीत सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदन परभणीबाहेर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात झाले. प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदले गेले. पुढे जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्या प्रकरणातला सगळ्यात बोलका कागद स्थानिक पोलिसांच्या कक्षेबाहेर तयार झाला होता.

प्रयोगशाळा कोणाच्या ताब्यात?

महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळा पोलीस ठाण्याच्या ताब्यात नाहीत. पण संचालनालय गृह विभागाखाली येते आणि त्यावर पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची देखरेख असते. तपास करणारे खाते आणि तपासाची तपासणी करणारे खाते एकाच छपराखाली आहेत. हा वाद जगभर आहे. अमेरिकेत ह्यूस्टन पोलिसांच्या स्वतःच्या लॅबमधला डीएनए विभाग २००२ मध्ये चुकांमुळे बंद करावा लागला. जोसाया सटन या कृष्णवर्णीय तरुणाला त्याच लॅबच्या अहवालावर १९९९ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. फेरतपासणीनंतर २००३ मध्ये तो सुटला. २००९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने प्रयोगशाळा पोलिसांच्या प्रशासकीय नियंत्रणातून काढाव्यात अशी शिफारस केली, आणि २०१४ पासून ह्यूस्टनची प्रयोगशाळा स्वतंत्र मंडळाकडे गेली.

आपल्या जवळचे उदाहरण भीमा-कोरेगाव खटल्याचे. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी जप्त केलेल्या संगणकांची एक तपासणी सरकारी प्रयोगशाळेत झाली. बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने प्रतींची तपासणी केली आणि रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून फाइली घुसवल्याचा निष्कर्ष फेब्रुवारी २०२१ मध्ये मांडला. तपास यंत्रणेने तो अमान्य केला. निवाडा न्यायालयानेच करायचा आहे. पण यातून एक शब्द आपण उचलला पाहिजे : हॅश व्हॅल्यू. जप्तीच्या क्षणी संगणक किंवा मोबाईलमधल्या माहितीचा आकडी ठसा काढून पंचनाम्यात लिहिला, तर नंतर झालेला एका अक्षराचा बदलही पकडता येतो. मोबाईल जप्त होत असेल तर हॅश व्हॅल्यू लिहून घ्या, आणि जप्तीच्या चित्रीकरणाची मागणी संहितेच्या कलम १०५ खाली करा.

सात वर्षांची मेख

तज्ज्ञाच्या सक्तीची अट सात वर्षांची आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मधल्या गुन्ह्यांना शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. विष्ठा किंवा अखाद्य वस्तू खायला लावणे, जाहीर अपमान, अनुसूचित जातींच्या वापरातले पाणी घाण करणे, हे सगळे त्यात येते. म्हणजे घर पेटवले तर व्हॅन येईल, पण वस्तीच्या विहिरीत काही टाकले तर तज्ज्ञ पाठवण्याचे बंधन नाही. महाडच्या तळ्यानंतर इतक्या वर्षांनी पाण्याचा गुन्हा कायद्याच्या हिशेबात 'लहान' ठरतो, याची आम्हाला खंत वाटते. अशा वेळी पाण्याचा नमुना घेण्याची मागणी आपणच लेखी करायची, त्याच दिवशी, आणि पोच घ्यायची.

नमुना घेतला म्हणजे काम झाले असेही नाही. तामिळनाडूतील वेंगैवयल येथे डिसेंबर २०२२ मध्ये दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत विष्ठा सापडली. तिसाहून अधिक जणांचे डीएनए नमुने घेतले, कोणाशीही जुळले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये मोबाईलमधील फोटो आणि संभाषणांच्या आधारे आरोपपत्र दाखल झाले ते वस्तीतल्याच तिघांवर. तिथल्या लोकांनी ते फेटाळले. यंत्र एकच असते, पण कोणाचे नमुने मागायचे हे तपास अधिकारी ठरवतो.

नमुने साठवण्याचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बोटांचे ठसे, बुबुळे, जैविक नमुने अशी मापे ७५ वर्षे जपता येतात. जैविक नमुना देण्यास काही गुन्ह्यांत नकार देता येतो. स्त्री-बालकांवरील आणि सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेचे गुन्हे त्याला अपवाद. आंदोलनात पकडलेल्या मुलांना हे माहीत नसते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आपल्या शेजारच्या भटक्या-विमुक्त वस्त्यांना ज्या नोंदवहीत कोंडले होते, तिची आठवण अजून ताजी आहे.

मागायचे कागद

अॅट्रॉसिटी नियमांनुसार तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा आणि आरोपपत्र साठ दिवसांत विशेष न्यायालयात जायचे. उशीर झाला तर अधिकाऱ्याने लेखी कारण द्यायचे. 'सीए रिपोर्ट आला नाही' हे कारण आम्ही इतक्या वेळा ऐकतो की ते कारण आहे की सवय, कळत नाही. अहवाल बाकी असला तरी आरोपपत्र दाखल करून तो नंतर जोडता येतो. बलात्काराच्या प्रकरणात अर्थसाहाय्याचा पहिला अर्धा हप्ता वैद्यकीय तपासणी व पुष्टी अहवालानंतर मिळतो, म्हणून कागद रखडला की पीडितेची मदतही रखडते.

मुद्देमाल पुण्याला कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने गेला, हे ठाण्यात विचारा आणि लिहून ठेवा. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे कलम १९३(३) खाली पोलिसांवर बंधनकारक आहे. पीडिताचा वकील असेल तर आरोपपत्राच्या प्रती त्यालाही मिळतात, म्हणून वकील लवकर नेमा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तो मोफत मिळतो. कोठडीतली घटना असेल तर पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या निकालाप्रमाणे ते शक्यतो १८ महिने, किमान वर्षभर जपायचे असते.

विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुला-मुलींसाठी आणखी एक. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. संचालनालयात वैज्ञानिक सहायक आणि सहायक रासायनिक विश्लेषक ही पदे भरली जातात. रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा संगणक घेतलेल्यांनी या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.