रूळ, चाक आणि हमाली

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरातून पहिली आगगाडी अहिल्यानगरकडे सुटली. अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली होती १९९५ साली. आता शेतमालाची वाहतूक स्वस्त होईल, ही अपेक्षा साहजिक आहे. ती कितपत खरी, हे आपण तपासून पाहू.

रेल्वे मुळात स्वस्त का? पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबत नाही. रबरी टायर मात्र सतत दबतो आणि त्यात ऊर्जा खर्च होते. सपाटीवर एक टन ओझे ओढण्यास रुळावर साधारण २ किलोग्रॅम-भार बल पुरते, तर डांबरी रस्त्यावर ८ ते १० लागते.

याचा लाभ बीड जिल्ह्यातच परळीच्या औष्णिक वीज केंद्राने घेतला. १९८० च्या दशकात तेथे २१० मेगावॅटचे संच चालत. असा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला सुमारे ३,५०० टन कोळसा खातो. म्हणजे आजच्या हिशेबाने एक मालगाडी, किंवा १० टनी ३५० ट्रक! एकच माल, एकाच ठिकाणी, रोज: येथे रेल्वेला तोड नाही.

कापूस आणि कांद्याचे तसे नाही. शेजारच्या बार्शीचा इतिहास पाहा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. बार्शीचा माल या गाडीने बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, जाई. तेथे तो उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा भरावा लागे. रूळ स्वस्त, पण वाटेतली ही हमाली महाग! ट्रक मात्र खळ्यावरून थेट बाजारात जातो. रेल्वेच्या दोन्ही टोकांना ट्रक लागतोच.

हे आपण आकड्यांत मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, एक टन माल 'क' किलोमीटर नेण्यास ट्रकला १०० + ३क रुपये आणि रेल्वेला ७०० + १.५क रुपये लागतात. दोन्ही खर्च ४०० किलोमीटरवर सारखे होतात. त्याआत ट्रकच स्वस्त. आता स्थानकालगत गोदाम झाले, गावोगावचा माल एकत्र येऊन गाडी भरू लागली आणि ७०० चे ४०० झाले, तर हीच सीमा २०० किलोमीटरवर येते. रूळ तेच, चाक तेच. बदलली ती फक्त टोकाची व्यवस्था.

तेव्हा बीडच्या शेतकऱ्याला रेल्वेचा लाभ किती होईल, हे रुळांइतकेच गोदामावर आणि माल एकत्र करण्यावर ठरेल. विद्यार्थ्यांना जवळच्या बाजार समितीत पाठवून हमालीचे आणि ट्रकभाड्याचे खरे दर विचारायला सांगावे. त्या दरांनी वरील दोन रेषा आलेखावर काढल्या की त्या कोठे छेदतात ते त्यांना स्वतःलाच दिसेल.