खाडा कुणाचा? थकव्याचा आणि रजेचा इतिहास

आजच्या भागात आपण थकव्याबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, त्यात बोलायचं काय, थकवा तर आपल्या पाचवीलाच पुजलेला! पण थकवा दोन प्रकारचा असतो. दिवसभर खुरपण केलं, सोयाबीन काढलं की अंग दुखतं. रात्री नीट झोप झाली की सकाळी बाई पुन्हा उभी राहते. हा कामाचा थकवा.

दुसरा थकवा झोपूनही जात नाही. सकाळी उठतानाच हातापायांत त्राण नसतं. दोन जिने चढले की धाप लागते, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्त कमी असेल, थायरॉईड असेल, साखर असेल, संधिवात, क्षयरोग किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर असा थकवा महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. बाहेरून मात्र काही दिसत नाही. ताप नाही, प्लास्टर नाही. मग घरचे म्हणतात सोंग करते आणि कामावरचे म्हणतात अंगचोर आहे.

गटांच्या बैठका घेत गावोगाव फिरताना मला हे सारखं ऐकू येतं. कुणी डाळ मिलमध्ये निवडायला जाते, कुणी शाळेत खिचडी शिजवते, कुणी दवाखान्यात झाडलोट करते, कुणी तोडीला जाते. सगळ्यांचा प्रश्न एकच : "ताई, आजार तर आहे, पण काम सुटलं तर खायचं काय?" हा प्रश्न आजचा नाही. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आपल्या महाराष्ट्रातले कामगार तो विचारत आले आहेत आणि त्यांनी त्याची काही उत्तरं मिळवलीही आहेत. ती कशी मिळाली आणि आपल्यापर्यंत कुठवर पोचली, ते आज पाहू.

मुंबईत कापडाच्या गिरण्या सुरू झाल्या तेव्हा कामाला ठरलेले तास नव्हते. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत यंत्रं चालत आणि त्यांच्याबरोबर माणसंही. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात रविवारची सुट्टी मागितली होती, दुपारी अर्धा तास विसावा मागितला होता आणि पगार वेळेवर द्या असं म्हटलं होतं. आणखीही एक मागणी होती. काम करताना कामगार जायबंदी झाला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्या आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय करा. अंग साथ देत नसेल त्या दिवसांतही चूल पेटली पाहिजे, ही गोष्ट तेव्हा कागदावर आली.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणं केली. विचार करा मैत्रिणींनो, त्या काळी बाईनं चार माणसांत तोंड उघडणंही अवघड होतं आणि या दोघी हजारोंसमोर उभ्या राहिल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढं १८९१ च्या कारखाना कायद्यानं बायकांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ११ तास काम आणि मध्ये दीड तास विश्रांती असं बंधन घातलं. आज ११ तास ऐकून आपण दचकू, पण तेव्हा तीही मोठी सुटका होती.

विश्रांतीची वेळ मिळाली, पण बाई एवढी का थकते, याचा शोध कुणी घेतला नव्हता. तो घेतला गेला तोही मुंबईतच. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. मार्गारेट बाल्फर या डॉक्टर बाईंनी बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी सुरू केली होती आणि त्या कामासाठी त्यांनी विल्सबाईंना बोलावून घेतलं होतं. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत, सुजत, आणि त्यातल्या कितीतरी दगावत. विल्सबाईंनी या बायकांची राहणी पाहिली, त्या काय खातात याची नोंद केली. तळपदे आडनावाच्या आपल्याकडच्या डॉक्टर बाईही या पाहणीत होत्या. त्यांना दिसलं ते असं, की जिच्या ताटात भाजीपाला, फळं, अंडी, मांस, दूध नाही, तिला हा आजार जास्त होतो.

मग विल्सबाईंनी प्रयोग केले. गरीब बायका खात तसलंच अन्न आधी उंदरांना आणि मग माकडांना दिलं. प्राणीही तसेच फिके पडले. त्यांना यीस्टचा, म्हणजे पाव फुगवायला वापरतात त्या किण्वाचा अर्क दिला, आणि ते सुधारले. तो अर्क आजारी बायकांना दिल्यावर त्यांचंही रक्त वाढलं. १९३१ मध्ये हे काम छापून आलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून त्याला नुसतंच 'विल्स घटक' म्हणत. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक घटक वेगळा केला आणि पानाला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याला फॉलिक अॅसिड असं नाव दिलं. विल्सबाई ज्याच्या मागावर होत्या तो हाच घटक.

आशाताई आपल्याला जी लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी देतात, तिच्यातला अर्धा भाग म्हणजे परळच्या गिरणी कामगार बायकांच्या रक्तातून मिळालेलं ज्ञान आहे. गोळी तोंडात टाकताना कधी त्यांची आठवण काढा. आणि करडईची भाजी, अंबाडी, चुका, मेथी, हरभऱ्याचा पाला यांना गरिबाचं खाणं म्हणून नाक मुरडू नका. डाळीतही फॉलिक अॅसिड असतं. आपल्या लातूरची तूरडाळ देशभर जाते. ती निवडणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र सगळ्यांचं जेवण झाल्यावर पातेल्याच्या तळचं पाणी येतं. थकव्याचं एक कारण तिथं, आपल्याच स्वयंपाकघरात आहे.

आता कायद्याकडे वळू. बाळंतपणात कामगार बाईला पगारी विश्रांती मिळावी म्हणून कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. ते नामंजूर झालं. १९२८ मध्ये तसंच विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं होतं, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, आणि बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तर खर्चाचा भार त्यानंही उचलला पाहिजे. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

पुढं बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते, त्या काळात प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सरकारला सादर केली. तिच्यावरून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो आला. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. तिच्यातली मुख्य गोष्ट लक्षात घ्या. आजारपणात कामगार बरा होईपर्यंत मालकाच्या दयेवर राहत नाही. त्याचा आणि मालकाचा, दोघांचा पैसा आधीच विम्यात जमा झालेला असतो. नियमात बसणाऱ्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोग, कर्करोग अशा ३४ दीर्घ आजारांसाठी ८० टक्के रक्कम, जास्तीत जास्त २ वर्षांपर्यंत मिळू शकते. म्हणून ज्या मैत्रिणी कारखान्यात, मिलमध्ये, ठेकेदाराकडे काम करतात, त्यांनी आपला पगाराचा कागद पाहावा. ईएसआयची कपात होत असेल तर विमा क्रमांक मागून घ्या आणि जपून ठेवा.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं मुंबईचं झालं, आपलं काय? तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. मुंबई प्रांताचे कायदे नांदेडला, लातूरला लागू नव्हते. १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्याला जोडला गेला. देशभराचे कायदे इथंही आले, पण ते मुख्यतः कारखान्याच्या फाटकाच्या आतल्या माणसांसाठी होते. शेतात राबणारी बाई फाटकाबाहेरच राहिली.

१९७२ चा दुष्काळ आपल्या आया-आज्यांनी खडी फोडून काढला. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. काम मागण्याचा हक्क कायद्यानं देणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. कामावर पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लेकरांसाठी पाळणाघर असावं असंही ठरलं. पण मजुरी ठरली ती मोजमापावर. किती घनमीटर माती उचलली तेवढा पैसा. टेपनं खड्डा मोजला जातो, बाईच्या अंगातलं रक्त मोजलं जात नाही. जिचं हिमोग्लोबिन आठ आहे, तीही दिवसभर उन्हात उभी राहते, पण हातात कमी पैसे घेऊन घरी येते.

ऊसतोडीत तर याहून कठीण. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाची उचल अंगावर असते. आजारपणानं एक दिवस घरी राहिलं की तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीचा त्रास असो, अंगावरून जाणं असो, फडात जावंच लागतं. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून जास्त महिलांमध्ये १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पिशवी काढली की कटकट मिटेल, खाडा पडणार नाही, असं अनेकींना वाटलं होतं, तसं सांगणारेही भेटले होते. पण ऑपरेशनमध्ये अंडाशयही काढलं असेल तर पाळी अकाली जाते, हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते, थकवा आणखी वाढतो. रजा नव्हती म्हणून शरीराचा अवयव गेला. लोखंड्यांच्या निवेदनातली मागणी फडापर्यंत पोचली नाही, त्याची ही किंमत.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या आदिवासी मैत्रिणींसाठी एक वेगळी गोष्ट सांगते. तिकडं सिकलसेलचा आजार आहे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, अंग ठणकतं, थकवा कायमचा असतो. हा आजार आईबापांकडून येतो. ती कुणाची चूक नाही की कुणाची करणी नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. सिकलसेल असलेल्या बाईनं रक्तवाढीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

मैत्रिणींनो, या इतिहासातून आपण काय घ्यायचं? पहिलं म्हणजे थकव्याला नाव द्यायचं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. उपकेंद्रात तपासून घ्या. गोळी घेत असाल तर चहा दोन तास लांब ठेवा, लिंबू किंवा आवळा जवळ करा. गोळीनं संडास काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडू नका. रक्त ठीक असूनही थकवा राहत असेल तर थायरॉईड आणि साखर तपासायला सांगा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासा.

दुसरं, कामाची वाटणी. ज्या गटांचा पापडाचा, मसाल्याचा किंवा शिलाईचा धंदा आहे, त्यांना हे जमण्यासारखं आहे. आजारी मैत्रिणीला कांडपाऐवजी पाकिटं भरायला द्या, हिशेब द्या. उभ्याचं काम बसून होईल का ते बघा. अंगात जोर असेल त्या वेळेला जड काम, बाकी वेळेला हलकं. तिचं काम थोडं हळू होईल, पण ती कामात टिकेल.

तिसरी गोष्ट जरा आपल्याला टोचणारी आहे. बैठकीला गैरहजर राहिलं की दंड, हा नियम आपल्या बहुतेक गटांच्या वहीत लिहिलेला आहे. शिस्तीसाठी तो हवाच. पण बाई सलाइन लावून पडली असली, डायलिसिसला गेली असली, तरी दंड घेणारे गट आहेत. मग मुकादमाच्या खाड्यात आणि आपल्या दंडात फरक काय राहिला? काही गटांनी यावर वाट काढली आहे. आजारपणाची गैरहजेरी वेगळी लिहायची, बचत शेजारणीच्या हाती पाठवायची, दंड नाही. एका गटानं दर महिन्याला प्रत्येकी दहा रुपये बाजूला काढून आजारपणाचा निधी केला आहे. त्यातून तपासणीला आणि एसटीच्या तिकिटाला पैसे देतात, त्यावर व्याज नाही. आडारकरांनी देशासाठी मांडलेला विचार याहून वेगळा नव्हता : सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं, जिच्यावर वेळ येईल तिनं उचलायचं.

रविवारची सुट्टी कुणी आपणहून दिली नाही. सहा वर्षं लागली, सह्या लागल्या, दोन बायकांना हजारोंसमोर बोलावं लागलं. आपल्या हातात आज निदान गटाची वही आहे. पुढच्या बैठकीत नियमांचं पान उघडा, दंडाचा नियम मोठ्यानं वाचा, आणि आजारी मैत्रिणीसाठी त्याखाली एक ओळ नवी लिहा. ठराव घ्या, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या, आणि त्या दिवशी जी येऊ शकली नाही तिच्या घरी जाऊन तिला तो वाचून दाखवा.