घासलेट, ब्रश आणि आयपी ६७ : बॉनेटखालच्या धुलाईचा इतिहास

आजचा विषय जरा तेलकट आहे. गाडीचं इंजिन घरी धुवावं का?

हा प्रश्न घरात काढला की दोन उत्तरं मिळतात. काका म्हणतात, "पाइप लाव आणि पाणी मार, आम्ही आयुष्यभर हेच केलं." सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "हात पण लावू नका." गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांच्या डोळ्यांसमोरची गाडी वेगळी आहे, एवढंच.

आधी काकांच्या गाडीकडे जाऊ. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जायला लागली. काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की डोळ्यांसमोर येते तीच. तिच्या बॉनेटखाली काय होतं? कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, बॅटरी आणि मोजक्या वायरी. कॉम्प्युटर नाही, सेन्सर जवळपास नाहीत.

तेव्हा इंजिनावर काजळीही जास्त जमायची. पिस्टनच्या फटींतून खाली निसटणारा तेलकट धूर पूर्वीच्या इंजिनांत नळीवाटे सरळ बाहेर सोडून द्यायचे. तो धूर परत इंजिनातच ओढून जाळणारा व्हॉल्व्ह कॅलिफोर्नियात १९६१ च्या गाड्यांपासून सक्तीचा झाला. कारण होतं प्रदूषण, पण इंजिनही आपोआप स्वच्छ राहायला लागलं. म्हणजे रोज इंजिन घासायची गरज कमी केली ती साबणाने नाही, कायद्याने.

गॅरेजमध्ये चिकट थर काढायला घासलेट किंवा डिझेल आणि ब्रश वापरायचे. वरून पाणी. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत पाणी शिरलं तर गाडी जागेवर बंद पडायची. पावसाळ्यात तर हे नेहमीचंच. मग टोपी काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, परत लावायची आणि निघायचं. इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या : जुन्या गाडीतली चूक लगेच कळायची आणि फडक्याने दुरुस्त व्हायची. काकांचा आत्मविश्वास यातून आलेला आहे.

आता गाडी बदलते. १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन प्रणाली फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. किती पेट्रोल सोडायचं हे सर्किट ठरवायला लागलं. आपल्याकडे हा बदल प्रदूषणाच्या नियमांबरोबर पसरला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो मानकांची मुदत आखून दिली. १ एप्रिल २००० पासून तिथे नवीन गाड्यांना युरो-२ लागू झालं. कार्ब्युरेटर मागे पडला, ईसीयू आला. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर सेन्सर आणखी वाढले.

मग नव्या गाडीत पाणी शिरलं तर काय होतं? बऱ्याचदा त्या दिवशी काहीच होत नाही! गाडी झक्क सुरू होते. कनेक्टरच्या पिनांवर मात्र हळूहळू गंज चढतो. स्पार्क प्लगच्या खोबणीत पाणी साचून राहतं. काही आठवड्यांनी चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी धक्के देते, आणि त्या धुलाईशी याचा संबंध आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आमच्या धंद्यात अशा बगला सगळेच घाबरतात. लगेच क्रॅश झालेलं परवडतं, गुपचूप बिघडलेलं नाही.

"पण कनेक्टर वॉटरप्रूफ असतात ना?" असतात. तुमच्या फोनवरही आयपी ६८ लिहिलेलं असतं. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. पण शांत पाण्यात. जोरदार फवाऱ्याची चाचणी वेगळी असते. त्यासाठी जर्मनीत १९९३ मध्ये आयपी ६९के हा वेगळा दर्जा आला : ८० अंश सेल्सिअसचं पाणी, ८० ते १०० बार दाब, तोही जवळून. घरगुती प्रेशर वॉशरच्या खोक्यावर १०० बार किंवा जास्तच लिहिलेलं असतं. पावसात गाडी चालते म्हणून फवारा चालेल, हे गणित इथे चुकतं. पावसाला बॉनेट अडवतं. उघड्या बॉनेटमध्ये सीलवर रोखलेल्या धारेला कोण अडवणार?

आणि घासलेट? साधारण ३८ अंशांच्या पुढे त्याची वाफ ठिणगी मिळताच पेटू शकते. विदर्भातला उन्हाळाच त्याहून गरम असतो, गरम इंजिनाचं तर बोलायलाच नको. पेट्रोल तर उणे ४० अंशांनाही पेट घेतं, त्यामुळे ते अजिबात नको. शिवाय आजच्या बऱ्याच रबरी नळ्या अशा तेलांनी फुगतात.

मग करायचं काय? हा सगळा इतिहास डोक्यात ठेवून :

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, किल्ली काढा. काही गाड्यांचा रेडिएटर पंखा गाडी बंद असतानाही फिरतो, म्हणून हात लांब ठेवा. सुकी पानं आणि धूळ मऊ ब्रशने काढा. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इग्निशन कॉइल आणि हवा आत घेणारं तोंड प्लास्टिकने झाका. पाण्यात मिसळणारा डिग्रीझर इंजिनावर नाही, ब्रशवर किंवा फडक्यावर घ्या. बेल्टला लावू नका. ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. पाइप नको, प्रेशर वॉशर तर नकोच. झाकलेलं सगळं काढा, बॉनेट तासभर उघडं ठेवा, मगच गाडी सुरू करा. काळं पाणी गटारात सोडू नका, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबल दिसली की हात मागे. ती हाय व्होल्टेजची असते. आणि त्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा, त्यात वेगळं काही सांगितलं असेल तर तेच पाळा.

थोडक्यात, काकांशी भांडू नका. त्यांचा सल्ला पद्मिनीसाठी अगदी बरोबर होता. फक्त तुमच्या बॉनेटखाली आता पद्मिनी नाही. फडकं मात्र त्यांचंच घ्या, कारण इतक्या वर्षांत न बदललेलं हत्यार तेवढं एकच आहे.

भेटूया पुढच्या भागात!